दादाची मंजुरी

घराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे भावजी ओढून बघतात, अर्धा जिना उतरतात, परत चढतात, पुन्हा ओढतात आणि मग वर तोंड करून मला हाक मारतात, "वहिनी, जरा तुम्ही ओढून बघता का?" मी वरच्या मजल्यावर राहते. कणकेचे हात तसेच घेऊन मी कितीदा खाली उतरले असेन, देव जाणे. ओढून बघते आणि म्हणते, "लागलंय हो. चोर आला तर तोच कंटाळून जाईल." मग स्वारी निश्चिंतपणे ऑफिसला जाते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणतात, धीर झाला नाही. विमा कंपनीत कॉम्प्युटर विभागात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ हमालाची सेवा.

हा हमाल म्हणजे माणूस नव्हे. आमच्या ह्यांनी लग्नाच्या आधी एक प्रोग्राम लिहायला घेतला होता, त्याचं लाडकं नाव. माझ्यासारखीला त्यांनी समजावलं होतं ते असं. कुठलाही मोठा प्रोग्राम कोणी एकटा लिहीत नाही. जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेले लहान लहान तुकडे जोडून तो बनतो. ते तुकडे शोधायचे, खरे आहेत की खोटे ते तपासायचं, उचलून आणायचे आणि ज्याच्या त्याच्या मशीनमध्ये नीट बसवायचे, हे काम हमाल करतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. ह्यांनी तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. कोणीही वाचावा, कोणीही वापरावा, कोणीही दुरुस्ती सुचवावी. असं करता करता तो कुठे कुठे जाऊन बसला ह्याचा पत्ता ह्यांनाही राहिला नाही. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथल्या रिपोर्टच्या मशीनलासुद्धा रोज संध्याकाळी हाच हमाल नवं सामान आणून देतो, हे मला नोकरी लागल्यावर कितीतरी दिवसांनी कळलं. घरी येऊन सांगितलं तर हे खूश व्हायच्या ऐवजी गंभीर झाले. म्हणाले, "आपल्या हमालाच्या डोक्यावर कोणी विषाची गोणी ठेवली, तर तो तीही तितक्याच इमानानं पोचवेल."

म्हणून एक नियम होता. एकानं लिहिलेला बदल दुसऱ्यानं वाचून मंजूर केल्याशिवाय हमालाच्या अंगाला लावायचा नाही. भावजी लिहायचे, हे वाचायचे. हे लिहायचे, भावजी वाचायचे. दोघा भावांची त्यावरून इतकी भांडणं व्हायची की बाहेरच्याला वाटावं, घराच्या वाटण्या चालल्यात. शिवाय तीन किल्ल्या होत्या, अंगठ्याएवढ्या, कॉम्प्युटरला लावायच्या. एक ह्यांची, एक भावजींची आणि एक कासवाची. हमालाचा मालक कोण हे बदलायची वेळ आलीच, तर तिघांपैकी दोन किल्ल्या लागायच्या. हे कासव परदेशात कुठेतरी राहतं. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, आम्हाला आजतागायत ठाऊक नाही. त्यानं स्वतःच ते नाव घेतलंय आणि उत्तरं द्यायला ते इतका वेळ लावतं की नाव सार्थ आहे. हमालाविषयीच्या चर्चेची जागा त्याच्या ताब्यात. तिथे जे बोलायचं ते चारचौघांत, खाजगीत काही नाही, हा त्याचा कडक कायदा.

गेल्याच्या गेल्या वर्षी हे गेले. ऑफिसात खुर्चीतून उठले आणि पडले, बस. त्यावर मी इथे जास्त लिहिणार नाही. भावजी तेव्हा रडले नाहीत, बोलले नाहीत, खाली जाऊन हमालापुढे बसले. मी म्हटलं, बसू दे, ज्याला जिथे आसरा मिळेल तिथे त्यानं बसावं.

तर त्या सकाळी मी लॅबला निघायच्या गडबडीत होते आणि भावजी अनवाणी वर आले. दार उघडं टाकून आले होते. भावजी आणि दार उघडं! 

"वहिनी, दादाचा लॅपटॉप कुठंय?"

"कपाटात. का?"

"तुम्ही उघडलात? कोणाला दिलात?"

"मी कशाला उघडू? झालंय काय?"

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "दादानं रात्री एक बदल टाकलाय."

मला राग आला. सकाळी सकाळी हे काय भलतंच. पण बोलता बोलता माझे पाय कपाटाकडे वळले होते. वरच्या कप्प्यात, ह्यांच्या शालीखाली लॅपटॉप होता तसाच होता. बटण दाबलं तर मेलेला, केव्हाच चार्ज संपलेला. मी तो छातीशी धरून उभी राहिले आणि खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, दुसऱ्या खोलीत जाऊन बघावं.

खाली भावजींच्या खोलीत सगळे पडदे लावलेले होते. टेबलावर स्क्रीन, आणि स्क्रीनवर ह्यांचा फोटो. मीच काढलेला, गॅलरीत, डोळे बारीक करून हसताना. फोटोशेजारी मजकूर होता आणि भावजींनी तो मला मराठीत सांगितला. "तब्येतीमुळे मध्यंतरी कमी दिसत होतो. आता पुन्हा पूर्ण वेळ कामाला लागतोय. मधल्या काळात सांभाळल्याबद्दल माझ्या भावाचे आभार." त्याखाली जगभरातून लोकांची गर्दी. परत आलात, फार बरं वाटलं. तुमची उणीव जाणवत होती. काळजी घ्या. कोणी फुलांची चित्रं टाकली होती, कोणी टाळ्यांची.

मी खुर्चीत बसले. माझ्या नवऱ्याला लोक सुखरूप परत आल्याबद्दल शुभेच्छा देत होते. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. चोराची वाटते, आजाराची वाटते, पण ही त्यातली नव्हती. त्या फोटोकडे बघवत नव्हतं.

"कोण आहे हा?" मी विचारलं.

"माहीत नाही. दादाचा ई-मेलचा पत्ता वर्षाच्या भाड्यावर होता. बँकेचं खातं बंद झाल्यावर भाडं गेलं नाही. पत्ता मोकळा पडला, तो ह्या माणसानं घेतला. त्या पत्त्यावर नवा पासवर्ड मागवला, आणि आत." भावजी बोलताना सारखे गुडघे चोळत होते. "पहिलं काम त्यानं काय केलं, तर मला काढून टाकलं; मालक म्हणून नाव दादाचं, त्याला हाताखालचा माणूस काढायला किल्ली लागत नाही. मी आता माझ्याच घराबाहेर आहे, वहिनी. आणि मंजुरीची अट काढून नवी आवृत्ती तयार करून ठेवलीय. आज संध्याकाळी जगभरची मशीनं ती उचलणार."

"त्यात काय आहे?"

त्यांनी दाखवलं. मला त्यातलं काय कळणार. एवढ्या लांबलचक मजकुरात बोटभर जागा. ती जागा ज्या मशीनमध्ये जाईल तिथले पासवर्ड गोळा करणार आणि गुपचूप बाहेर कोणाला तरी पाठवणार. विषाची गोणी. मला लॅबमधलं मशीन आठवलं, त्यातली माणसांची नावं, त्यांचे आजार. आणि अशी किती मशीनं असतील ह्याचा हिशेब मी करायलाच गेले नाही.

हमाल ज्या कंपनीच्या जागेवर ठेवलेला असतो, तिला भावजींनी कळवलं होतं. तिकडून यंत्राचं उत्तर आलं होतं, तुमची तक्रार मिळाली, दोन-तीन दिवसांत बघू. दोन-तीन दिवसांत! मी त्या कंपनीच्या नावानं जे काही बोलले ते छापण्यासारखं नाही.

"मग किल्ल्या?" मी म्हटलं. "ह्यांची किल्ली वर आहे माझ्याकडे. तुमची तुमच्याकडे. झाल्या की दोन."

"तिचा आकडा फक्त दादाला माहीत होता. तीनदा चुकलं की ती कायमची बंद." मग मान खाली घालून म्हणाले, "माहीत असता तर मी तीही वापरली असती, वहिनी. देवाशपथ वापरली असती."

ते असं का म्हणाले ते मला तेव्हा उमगलं नाही. "म्हणजे कासवच आता," मी म्हटलं.

कासवाला त्यांनी पहाटेच लिहिलं होतं. चर्चेच्या जागेवर, सगळ्यांसमोर. मी ते वाचायला लावलं. खातं चोरीला गेलंय, नवी आवृत्ती घेऊ नका, तुमची किल्ली घेऊन या. मी वाट बघत राहिले, पुढे काही नव्हतं.

"दादा गेले, हे कुठे लिहिलंत?"

भावजींनी स्क्रीनवरचा मजकूर उगाच वरखाली सरकवला.

"अहो, मुद्द्याची गोष्ट तीच ना? मेलेला माणूस बदल टाकत नाही, एवढं लिहिलं की संपलं!"

ततपप करत काहीतरी म्हणाले. तेवढ्यात स्क्रीनवर ह्यांचा फोटो पुन्हा उगवला. ह्यांच्या नावानं त्या माणसानं भावजींच्या पत्राखालीच उत्तर टाकलं होतं. भावजींनी अडखळत वाचलं. "माझा भाऊ गेले काही महिने बरा नाही. त्याला सगळीकडे चोर दिसतात. त्याचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, त्याच्याशी जपून बोला. घरचा प्रश्न आहे, मी बघतो."

आणि लोकांनी विश्वास ठेवला. लगेच एकानं लिहिलं, काळजी घ्या दोघेही. दुसऱ्यानं लिहिलं, असं आमच्याही घरी झालं होतं. भावजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी तडक वर गेले, मृत्यूचा दाखला शोधून काढला आणि त्यांच्यापुढे आपटला. "पाठवा हा. बघू आता कोण घरचा प्रश्न बघतो ते."

त्यांनी तो हातात घेतला नाही. मीच माझ्या फोननं त्याचा फोटो काढला आणि म्हटलं, लावा. भावजींनी लावला, पण असा चेहरा करून की स्वतःच्याच फाशीचा दोर ओढतायत. मला वाटलं, दुःख असतं हो. एवढ्या दिवसांनीसुद्धा असतं.

मग वाट बघणं. लॅबला फोन करून येत नाही म्हटलं. संध्याकाळचं ते मशीन बंद ठेवा, असं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते? दुपार झाली. रस्त्यावर शाळेच्या गाड्या येऊन गेल्या. भावजी दर थोड्या वेळानं उठून दाराचं कुलूप बघत होते आणि त्या दिवशी मी त्यांना एकदाही हसले नाही.

कासवाचं उत्तर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. लहानसं होतं. भावजींनी मनात वाचलं आणि वाचून दाखवेनात. मी खांद्याला धरून हलवलं, तेव्हा वाचलं.

"दाखला पाहिला. त्यावरची तारीख गेल्याच्या गेल्या वर्षीची आहे. तुझ्या भावानं गेल्याच महिन्यात तुझा एक बदल नामंजूर केला, कारणं दिली, तू दुरुस्त केल्यावर मंजूर केला. त्या आधीच्या महिन्यातही. मग दाखला खोटा, की मंजुरी खोटी?"

मी म्हटलं, "हा चोर इतके महिने आत होता?"

भावजींनी मान हलवली. नाही.

"मग?"

"मी होतो."

भावजी भिंतीकडे बघत बोलत होते. हे गेल्यावर मंजुरी द्यायला कोणी उरलं नव्हतं. कासव आठवडे लावायचं आणि दुरुस्त्या तर थांबत नाहीत. ह्यांचा पासवर्ड भावजींना माहीत होता. एकदा, फक्त एकदा म्हणून त्यांनी ह्यांच्या नावानं आत जाऊन स्वतःच्याच बदलावर मंजुरीचा शिक्का मारला. मग दुसऱ्यांदा. आत जाताना ह्यांच्या फोनवर एक आकडा यायचा, तो नंबर बंद होणार म्हणून त्यांनी ते दुसरं कुलूपच काढून टाकलं. रोज स्वतःच्या घराचं कुलूप दोनदा ओढणारा माणूस! त्याच उघड्या दारातून हा चोर आला होता.

"आणि नामंजूर कोण करत होतं?" मी विचारलं.

"मीच. दादाच्या नावानं आत गेलो की मी दादासारखं वाचायचो. माझंच लिहिलेलं. मग चुका दिसायच्या. खरंच दिसायच्या, वहिनी, माझ्या नावानं वाचताना दिसत नव्हत्या त्या. मग मी लिहायचो."

त्यांनी ते काढून दाखवलं. "घाई कोणाची चाललीय? ही ओळ उद्या तुलाच कळणार नाही." "जेवून घे आणि मग परत बघ." "इथे तू घाबरून दोनदा तपासलंयस. एकदा नीट तपास." हे बोलायचे ते तसंच, तोच खवचटपणा, तीच माया. मी ते वाचत गेले आणि मला आधी रडू आलं आणि मग इतका संताप आला की हात उचलला गेला असता. माझा नवरा भावजींनी खाली जिवंत ठेवला होता. मी वर एकटी होते, आणि खाली ते दोघं रोज बोलत होते.

पण खिडकीतलं ऊन उतरत होतं. माझं भांडण नंतरही होऊ शकत होतं.

"लिहा," मी म्हटलं. "जे मला सांगितलंत ते सगळं त्या कासवाला लिहा."

"सगळे वाचतील."

"वाचू देत."

"मला काढून टाकतील, वहिनी. हमालात एकच पाप आहे, आपल्याच बदलाला आपण मंजुरी देणं. ते मी पुन्हा पुन्हा केलंय, तेही मेलेल्या माणसाच्या हातानं. परत कोणी माझा एक शब्द घेणार नाही. मग मी करू काय? मला दुसरं येतं काय?" त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी त्या असंख्य मशीनांची भीती वाटली, आणि दया त्या भीतीपुढे टिकली नाही.

"ह्यांनी काय सांगितलं असतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग की-बोर्ड पुढे ओढला.

लिहायला त्यांना फार वेळ लागला. लिहायचे, पुसायचे. मी शेजारी बसून राहिले, उठले असते तर तेही उठले असते. शेवटी मला वाचून दाखवलं. पहिलं वाक्य होतं, "माझा दादा गेला." पुढे सगळं, काही न लपवता. पासवर्ड, काढलेलं कुलूप, खोट्या मंजुऱ्या, एकेकीची तारीख. बटणावर बोट ठेवून ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकदा बघता का?"

"बघितलंय," मी म्हटलं. "पाठवा."

लगेच तोंडसुख सुरू झालं. सकाळी फुलं टाकणारेच आता खोटारडा, दगाबाज म्हणत होते. ह्यांचा फोटोही पुन्हा आला. तो माणूस लिहीत होता, पाहा, माझ्या भावाचा आजार कुठवर गेलाय. भावजी ते वाचत नव्हते. चर्चेच्या जागेत सगळ्यात खाली, जिथे कासव लिहितं, तिथेच बघत होते.

ते आलं. त्यानं ह्यांच्या नावाच्या माणसाला एकच गोष्ट विचारली. तू जिवंत आहेस ना, मग तुझी किल्ली लावून आजच्या तारखेवर शिक्का मार. त्या माणसानं लिहिलं, किल्ली प्रवासात हरवली. त्यावर कासव काही बोललं नाही. थोड्या वेळानं स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली आणि भावजी ताडकन उभे राहिले. कासवानं आपली किल्ली लावली होती. भावजींनी आपली लावली. ती बसेना. मी मनगट धरलं, तेव्हा बसली. दोन किल्ल्यांचा शिक्का पडला, ह्यांचं नाव मालकाच्या जागेवरून गेलं, आणि ती विषारी आवृत्ती कुठल्याही मशीननं उचलू नये असा हुकूम हमालाला पोचला. बाहेर दिवे लागत होते. मी लॅबला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "मशीन? ठीक आहे की. आज नवीन काही आलंच नाही म्हणतंय." माझा जीव भांड्यात पडला. भावजी जमिनीवर बसले होते.

कासवाचं शेवटचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. त्यानं लिहिलं होतं, चोराला बाहेर काढायला मदत केलीस, त्याबद्दल आभार. तुझ्या खोट्या मंजुऱ्या मी सगळ्या पुन्हा वाचल्या, त्यात एकही चूक सापडली नाही. तरीही तुझी किल्ली आता परत दे. पुढे कोणी दोघं तयार होतील, मी त्यांना उभं करीन. तुला बदल सुचवायचे असतील तर इतर कोणाहीसारखे सुचव, दारातून.

भावजींनी किल्ली परत दिली. कांगावा केला नाही. चार दिवस ऑफिसला गेले, आले, जेवले. मला वाटलं, सुटला बिचारा, आता तरी शांत झोपेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते लॅपटॉप घेऊन वर आले. त्यांनी एक छोटीशी दुरुस्ती लिहिली होती, अनोळखी माणसासारखी पाठवायला. टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला. मी म्हटलं, "पाठवा की. आता कशाची भीती?"

"मी दादासारखी वाचून बघत होतो," ते म्हणाले. "दुपारपासून वाचतोय." त्यांनी मान वर केली. चेहरा त्या सकाळसारखाच पांढरा होता. "वहिनी, दादा आता काहीच म्हणत नाही हो."

मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसले.